नगारखाना संग्रहालय, विजापूर

गोल घुमटाच्या (पहा : गोल घुमट) आवारातील नगारखान्यात असलेले पुराणवस्तुसंग्रहालय. विजापूर (विजयपूर), कर्नाटक.

विजापूरच्या आदिलशाहीतील (पहा : आदिलशाही) सुलतान मुहम्मद आदिलशाह (कार. १६२७–५६) याच्या थडग्याच्या, म्हणजेच गोल घुमटाच्या, वास्तुसमूहात दर्शनी बाजूस हा नगारखाना उभारला गेला. राजसत्तेचे चिन्ह मानलेली नौबत वाजविण्याची ही जागा.

इमारत उंच जोत्यावर असून भक्कम दगडी खांबांनी पेललेल्या उत्तुंग कमानी हे तिचे मुख्य वैशिष्ट्य. १८९२ मध्ये येथे विजापूर परिसरातील पुरावशेष ठेवण्यास प्रारंभ झाला. १९१२ मध्ये या संग्रहाला जिल्हा संग्रहालयाचे स्वरूप आले आणि १९८२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते ताब्यात घेतले.

सहाव्या ते अठराव्या शतकांतील वस्तू येथे आहेत : अरबी, फार्सी, कन्नड व संस्कृत शिलालेख, हिंदू व जैन मूर्ती, वीरगळ (पहा : वीरगळ), सनदा व फर्माने, हस्तलिखिते, लघुचित्रे, नाणी, शस्त्रे, गालिचे, चिनी मातीची भांडी आणि बिदरी काम. आदिलशाहीपूर्व काळातील मूर्ती व वीरगळ आणि दरबारी कागदपत्रे एकाच छताखाली असल्याने दख्खनच्या इतिहासाचा सलग अभ्यास येथे शक्य होतो. या संग्रहाचे खरे मोल त्यातच आहे. फर्माने व सनदा मराठेशाहीच्या पूर्वकाळाच्या अभ्यासकांनाही उपयुक्त आहेत (पहा : शहाजी भोसले).