पुठ्ठ्याची मागची बाजू

आधी ही स्लाइड बघा. एका फोटोत दहा माणसं, गुडघ्यापर्यंत चढवलेले मोजे. या मोज्यांच्या लाल रंगावरूनच संघाचं नाव पडलं सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. साल १८६९. सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा हा पहिला बेसबॉल संघ. आज संग्राहक हा पुठ्ठ्याचा तुकडा देवघरातल्या वस्तूसारखा जपतात.

आता कार्ड उलटं करू. मागे न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या खेळाच्या सामानाच्या दुकानाची जाहिरात आहे. दुकानदाराच्या लेखी हीच बाजू कामाची. पुढचा फोटो कशासाठी, तर गिऱ्हाइकानं कार्ड फेकून देऊ नये म्हणून. ‘पहिलं बेसबॉल कार्ड’ हा मान कुणाला द्यायचा यावर संग्राहक अजून भांडतात. भांडू देत. आपल्याला आज बघायची आहे ती ही मागची बाजू.

१८७६ च्या फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत रंगीत ट्रेड कार्डांचं पेवच फुटलं. तंत्र क्रोमोलिथोग्राफीचं, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. (राजा रवी वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो याच तंत्राचा, त्यामुळे हा दाट, तेलकट रंग आपल्या डोळ्यांना ओळखीचा आहे.) छापखानेवाले हजारोंनी चित्रं छापत आणि दुकानाच्या नावापुरती जागा कोरी सोडत. मग गावोगावचे वाणी, चांभार, औषधवाले त्यावर आपलं नाव छापून घेत. म्हणून चेंडू पकडताना धडपडलेला तोच गंमतीदार खेळाडू एका गावात बूट विकतो आणि दुसऱ्या गावात कॉफी! बेसबॉलचा त्या मालाशी काडीचाही संबंध नाही. पण खेळ किती घरांत पोचला होता, हे सामन्यांच्या धावफलकांपेक्षा अशा शिक्क्यांवरून जास्त कळतं, असं आम्हांला वाटतं.

ही कार्डं टिकली कशी? बायका-मुलांनी ती वह्यांत चिकटवली म्हणून. या छंदाचं वेड एवढं होतं की मार्क ट्वेननं आधीच गोंद लावलेल्या वहीचं पेटंट घेतलं, १८७३ मध्ये. पुढे व्यापाऱ्यांनी वह्या पाण्यात भिजवून कार्डं सुटी केली. बेसबॉलचं तेवढं विकलं, फुलं-मांजरं बाजूला. त्यात मागचा मजकूर कितीदा तरी सोलून गेला, आणि एका घरानं काय शेजारी काय चिकटवलं होतं ते कायमचं पुसलं गेलं. संग्राहकांनी वाचवलं तेवढंच मोडलंही, हे मान्य करायला हवं.

याला एक मोठा अपवाद, सिरॅक्यूसचा जेफरसन बर्डिक. संधिवातानं हात वाकडे झालेले, तरी या माणसानं तीन लाखांवर कार्डं आणि कागदी जाहिराती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या आणि वर्षानुवर्षं तिथे बसून त्या स्वतः अल्बममध्ये लावल्या. काम जानेवारी १९६३ मध्ये संपलं, मार्चमध्ये तो गेला. बेसबॉलची कार्डं त्यात सुमारे तीस हजार. बाकी सगळं इतर जाहिरातींचं, आणि त्यानं तेही तितक्याच निगुतीनं लावलं.

सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डांबद्दल थोडक्यात सांगतो. पाकीट मऊ कागदाचं, ते दबू नये म्हणून आत पुठ्ठा. गुडविन कंपनीच्या ‘ओल्ड जज’ कार्डांत खेळाडू स्टुडिओत उभे आहेत आणि चेंडू दोरीला टांगलेला आहे. नीट पाहिलं तर दोरी दिसते. १८९० मध्ये मोठ्या कंपन्या एक होऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली, स्पर्धाच उरली नाही, आणि कार्डांची गरजही ओसरली.

आता शेवटची स्लाइड, आणि ही दाखवताना आम्हांला दरवेळी अवघड होतं. त्या काळच्या गंमतीदार कार्डांत काळे खेळाडू आहेत, पण जाड ओठांची, फजिती होणारी व्यंगचित्रं म्हणून. याच दशकात मोझेस फ्लीटवूड वॉकर १८८४ मध्ये टोलेडोकडून वरच्या दर्जाच्या स्पर्धेत यष्टिरक्षकासारखी कॅचरची जागा सांभाळत होता. १४ जुलै १८८७ ला इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी काळ्या खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत असं ठरवलं. वॉकरचा खरा चेहरा बघायला आपल्याला ओबर्लिन कॉलेजच्या १८८१ च्या संघाच्या फोटोकडे जावं लागतं.

काही संग्राहक अशी कार्डं वहीतून काढूनच टाकतात. आम्ही ठेवतो, आणि दाखवताना आधी मागची बाजू दाखवतो. तिथे दुकानदाराचं नाव असतं, पत्ता असतो.