वहाणेची निगा आणि ती राखणारे हात



वहाण उंबऱ्याबाहेर काढून ठेवण्याची आपली रीत आहे. तिचा इतिहासही आपण तसाच बाहेर ठेवला. मुळशीच्या खोऱ्यातील दगडधोंड्यांवरून माणसे ज्या कातड्यावर चालली, ते कोणी कमावले, कोणी शिवले आणि कोणी टिकवले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. आज तो विचारावयाचा आहे.

कच्चे कातडे लवकर कुजते. त्याचे टिकाऊ चामडे होते ते झाडांच्या तुरट रसामुळे. बाभळीची साल आणि हिरडा ही आपल्याकडची मुख्य साधने. हिरडा तर सह्याद्रीचाच. इंग्रजी अमदानीत तो मुंबई बंदरातून विलायतेच्या चामड्याच्या कारखान्यांकडे जात असे. हा रस कातड्याचे तंतू बांधून ठेवतो. पण ते तंतू एकमेकांवर मोकळे सरकावेत यासाठी तेल लागते. तेल आटले की चामडे ताठरते आणि वाकेल तेथे भेगाळते. निगेचे सारे शास्त्र एवढ्यात आले.

म्हणूनच वहाण धुळीने माखली तर कोरड्या फडक्याने पुसावी. भिजली तर सावलीत वाळवावी, उन्हात नव्हे आणि चुलीजवळ तर नव्हेच. मग एरंडेलाचे बोट फिरवावे. तेल फार झाले तर चामडे लिबलिबीत होते. मुळशीसारख्या धो धो पावसाच्या मुलखात बुरशी हा मोठा शत्रू. तेव्हा पावसाळ्यात जोडा कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा.

परंतु ही निगा अर्धीच. अंगठा तुटला, टाच झिजली, वादी उसवली, म्हणजे गावच्या चर्मकाराकडे जावे लागे. ढोर समाजाने कातडे कमवावे, चर्मकाराने रापी-आरी चालवून वहाणा शिवाव्या, मोट सांधावी, आणि सुगीला शेतकऱ्याने खळ्यावर बलुते घालावे, असा व्यवहार होता. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यात एक गोष्ट चांगली दिसते. वस्तू दिली म्हणजे कारागिराचा संबंध संपत नसे. वर्षभर ती चालती ठेवण्याच्या कामाचा मोबदला बलुत्यात धरलेला असे. पण धान्य मोजणारा हात नेहमी दुसऱ्याचा होता. भाव ठरविण्याचा हक्क नाही, काम नाकारण्याची सोय नाही, वर शिवाशिवीचा जाच. वहाणेची जागा पायातच, अशा अर्थाच्या म्हणी आपण वहाणेबद्दल नव्हे, माणसांबद्दल वापरल्या.

ही घडी दोन बाजूंनी मोडली. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी तो निकराने लढविला; तरी टाटांचे धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. जमीन मोजता येते, तिची किंमत ठरविता येते. पण ज्याची मिळकत गावाच्या नात्यातच होती, त्याने गाव बुडाल्यावर बलुते कोणत्या खळ्यावर मागावे?

दुसरा घाव कारखान्याचा. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली क्रोमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे पेटंट घेतले, आणि आठवडे-महिने खाणारे काम दिवसांवर आले. त्याच देशात गुराख्यांचे उंच टाचेचे बूट होते. रिकिबीतून पाय पुढे निसटू नये म्हणून ती टाच. पुढे ते हौसेची वस्तू झाले आणि मगर-अजगरांच्या कातड्याचेही निघू लागले. असे कातडे खवल्यांच्या दिशेनेच पुसावे लागते, नाहीतर खवल्यांच्या कडा उचलतात. आपल्याकडे घोरपडीचे कातडे दिमडीवर चढे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या देशात या प्राण्यांना संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने तशाच चपला मिरवल्या. ओरड झाली, तेव्हा कुठे त्यामागची प्रेरणा भारतीय असल्याचे कंपनीने मान्य केले. चपलेच्या नावासाठी आपण भांडलो, हे ठीकच. पण चौकात पोत्यावर बसून तीच चपल सांधणाऱ्या गटई कामगारासाठी कितीजण भांडतात? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणाराही मोडतो. त्याला जागा मागण्याचा हक्क आहे. तो त्याच्या हाती पडावा यासाठी संघटना हवी आणि आपणा नगरवासीयांचा पाठिंबाही हवा.

एरंडेलाचे बोट आपण घरी फिरवू शकतो; टाका मात्र त्यानेच घालावयाचा आहे. त्याने सांगितलेला दर घासाघीस न करता द्यावा, आणि त्याला जागेवरून उठविण्यास गाडी येईल तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहावे, एवढीच माझी आपणास विनंती आहे.