डिस्प्ले पीसचा भाव

तर झालं असं, की २००९ च्या मार्चमध्ये मी ऑनसाइट न्यू जर्सीत होतो आणि एका छोट्या ऑडिओच्या दुकानात स्पीकरची एक जोडी नजरेत भरली. कंबरेएवढे उंच, अक्रोडी रंगाचे. मॉडेल कंपनीने बंद केलेलं आणि ही दुकानात ऐकवायला मांडलेली शेवटची जोडी. चिठ्ठीवर १२०० खोडून ९०० डॉलर. अमेरिकेत दुकानात भाव करायचा नसतो हे रूममेटने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. आणि इथे काउंटरमागचे पांढऱ्या केसांचे काका स्वतःच विचारताहेत, "तुम्ही किती द्याल?"

माझी विकेटच गेली. तुळशीबागेत आई ज्या थंडपणे निम्मा आकडा सांगते ते माझ्यात उतरलेलं नाही. मी वडिलांवर गेलोय, 'एकच भाव'ची पाटी दिसली की आम्हाला हायसं वाटतं. "उद्या सांगतो" म्हणून सटकलो आणि घरी येऊन वाचत बसलो. या जोडीची रास्त किंमत ठरवायची कशी, एवढंच पाहायचं होतं. वीकेंड त्यातच गेला.

आपल्याला वाटतं की घासाघीस मागासलेली आणि फिक्स रेट हा सभ्य, नैसर्गिक प्रकार. प्रत्यक्षात चिठ्ठीवरचा भाव हा बऱ्यापैकी नवा शोध आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी तो धर्म म्हणून पाळला. शंभरला द्यायची तयारी असताना दीडशे सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांचं साधं गणित. लोक आधी बिचकले, मग त्यांच्या लक्षात आलं की यांच्याकडे लहान पोराला पाठवलं तरी चालतं, फसवणूक होत नाही.

त्याच सुमारास जपानात मित्सुई ताकातोशीने १६७३ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, कापडाचं दुकान काढलं. इतर व्यापारी बड्या सामुराई घराण्यांना उधारीवर माल द्यायचे. पैसे येणार वर्षातून एक-दोनदा, म्हणून व्याज आणि बुडण्याची भीती दोन्ही भावात चढवलेली असायची. मित्सुईने पाटी लावली: रोख पैसे, वाढीव भाव नाही. म्हणजे घासाघिशीला जागा राहते ती नुसत्या लबाडीमुळे नाही, भावात खरोखरच काही अनिश्चित धरलेलं असतं म्हणूनही राहते. हा मुद्दा माझ्या स्पीकरला पुढे लागू पडणार होता.

पण जगभर एकच भाव पसरला तो ना धर्मामुळे ना सचोटीमुळे. १८४६ साली अलेक्झांडर स्ट्युअर्टने न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर संगमरवरी दुकान बांधलं, ती इमारत आजही उभी आहे. १८५२ पासून पॅरिसमध्ये बूसिकोने बाँ मार्शे वाढवायला घेतलं. फिलाडेल्फियात वॉनामेकरने १८७६ मध्ये रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात भलंमोठं दुकान थाटलं. या सगळ्यांची अडचण एकच होती. भाव करायचा तर खरेदी केवढ्याला, कुठवर उतरायचं, समोरचं गिऱ्हाईक कसं, हे विकणाऱ्याला माहीत हवं. ते मालकाला माहीत असतं, फार तर त्याच्या भावाला. काल कामाला लागलेल्या शेकडो पोरांवर ते कसं सोडणार? आपल्या भाषेत, घासाघीस स्केल होत नाही :-) म्हणून हुशारी माणसातून काढून चिठ्ठीत घातली. डोकं एकाचंच, चिठ्ठ्या हजार.

विसाव्या शतकात गंमत वाढली. आता चिठ्ठी कोणी लिहायची यावरून भांडण. कारखानदार म्हणू लागले, दुकानदाराने आमच्या मालावर सूट द्यायचीच नाही. १९११ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने डॉक्टर माइल्स या औषध कंपनीच्या खटल्यात हे बेकायदा ठरवलं. पण पुढे महामंदीत छोटे दुकानदार मोठ्या साखळी दुकानांपुढे टिकेनात, तेव्हा १९३१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून कारखानदाराला भाव बांधायची मुभा दिली. इतर राज्यं मागोमाग आली आणि १९३७ मध्ये संसदेनेही मान तुकवली. या कायद्यांना नाव काय, तर 'फेअर ट्रेड'! रास्त व्यापार म्हणजे कुणीही स्वस्त विकायचं नाही. आपल्याकडची एमआरपी याच्या बरोब्बर उलट. ती कमाल किंमत असते, तिच्याखाली कितीही या.

आणि इथे मला माझे स्पीकर सापडले. कॅलिफोर्नियाच्या त्या कायद्यात भाव मोडायला तीनच दारं ठेवली होती. दुकानदार तो माल ठेवणंच बंद करून उरलेला साठा काढत असेल तर, माल खराब झालाय आणि तसं गिऱ्हाइकांना जाहीर सांगितलंय तर, किंवा कोर्टाच्या हुकमाने विक्री होत असेल तर. बंद झालेलं मॉडेल आणि हाताळलेला डिस्प्ले पीस, म्हणजे तीनपैकी दोन दारं! बांधलेल्या भावाच्या त्या जमान्यातही या मालावर दुकानदार मोकळेपणाने बोलू शकत होता.

ते कायदे १९७५ मध्ये संसदेने मोडीत काढले. २००७ मध्ये लीजिन नावाच्या चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी डॉक्टर माइल्सचा ९६ वर्षं जुना निकालही फिरवला. आता असे करार सरसकट बेकायदा नाहीत, प्रत्येकाचा परिणाम वेगळा तपासायचा. शिवाय अनेक कंपन्या 'याहून कमी किमतीची जाहिरात करू नका' अशी अट विक्रेत्यांना घालतात. काकांचे हात नव्या मॉडेलवर बांधलेले असणार. या जोडीवर नव्हते.

मग हिशोब मांडला. तेच मॉडेल सेकंडहँड साधारण ६०० ला मिळत होतं, पण वॉरंटीशिवाय. म्हणजे बोलणं ६०० ते ९०० मध्ये व्हायचं, आणि मधले ३०० म्हणजे मित्सुईची ती अनिश्चितता: हे स्पीकर दुकानात किती आणि कसे वाजलेत?

रविवारी जाऊन आधी आकडा बोललोच नाही. जाळी काढली. कोनाभोवतीची कड रबराची निघाली, हे बरं झालं. फोमची असती तर दहा-पंधरा वर्षांत भुगा व्हायला लागते. दोन्हींचे सीरियल नंबर जोडीचे. माझी सीडी लावून बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा उजवीकडे. डाव्या ट्वीटरच्या घुमटाला खड्डा होता, कुणाच्या तरी पोराने बोट खुपसलेलं. काका म्हणाले, "ते मला माहीत होतं. तुम्हाला दिसतंय का ते बघत होतो."

राग आला आणि हसूही. मी ६५० म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्याच महिन्यात सर्किट सिटीची शेवटची दुकानं बंद झाली होती, मंदी जोरात होती, त्यांच्या दुकानात मी सोडून कुणी नव्हतं. अजून ताणता आलं असतं. आई असती तर दारापर्यंत चालत गेली असती. मी विचारलं, "ट्वीटर नवा बसवून आणि वॉरंटी आजपासून लिहून किती?"

त्यांनी कागदावर काहीतरी केलं आणि ७४० लिहिलं. "मालकाला विचारायचं नाही का?" मी म्हणालो.

"मीच मालक."

पॅसिव्ह स्पीकरला ११०-२३०ची भानगड नसते, म्हणून परतताना सामानाबरोबर ते पुण्याला आले. वडिलांनी एक अख्खी रेकॉर्ड ऐकली आणि म्हणाले, "ठरलेल्या भावात घेतलेस ना?" आईने आतून विचारलं, "केवढ्याचे केवढ्याला दिले त्याने?" दोघांना मी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि दोन्ही खरी होती.