डोंगर तोच, माणसे निराळी

दिवाळी आली की महाराष्ट्रात घरोघरी अंगणात, नाही तर जिन्याखालच्या कोपऱ्यात, मुलांचा किल्ला उभा राहतो. दगड-विटांवर चिखल थापायचा, अळीव-मोहरी पेरून रान उगवायचे, माथ्यावर महाराजांना बसवायचे आणि पायथ्याशी मावळे मांडायचे, हा कार्यक्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्या चिमुकल्या किल्ल्यात आपली एक मोठी समजूत दडलेली असते. ती अशी की, डोंगर म्हणजे किल्ला आणि सह्याद्री म्हणजे मराठ्यांचा पाठीराखा. भूमीच राष्ट्राला घडविते, ह्या सिद्धांताचे उदाहरण म्हणून आपण सह्याद्रीकडे बोट दाखवितो. त्यात खोटे काही नाही. पण ते पुरते खरेही नाही, असे मला वाटते.

प्रथम ह्या डोंगराची कुळकथा पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून शिलारस बाहेर आला आणि त्याचे थरावर थर पसरले. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाऊस-वाऱ्याने ठिसूळ भाग झिजला आणि कठीण कातळ कड्यांच्या रूपाने उभा राहिला. आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते ह्यामुळेच. माथ्याभोवती निसर्गानेच तट घातलेला. माणसाने खिंडारे तेवढी बुजवायची, टाकी खोदायची आणि दरवाजा बसवायचा!

पावसाचेही तसेच. पश्चिमेचे ढग ह्या भिंतीवर आदळतात. महाबळेश्वरी वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस, साताऱ्यास चाळीसच्या आसपास, आणि पुढे माण-खटावकडे वीस इंचांवर समाधान मानावे लागते. एका दिवसाच्या प्रवासात भात संपतो, ज्वारी-बाजरी लागते, घराचे उतरते छप्पर जाऊन धाबे येते. अशा भूमीवर माणूस काटक आणि काटकसरी झाला तर नवल नाही.

परंतु हाच डोंगर दोन हजार वर्षांपूर्वी किल्ला म्हणून नव्हे, तर दरवाजा म्हणून प्रसिद्ध होता. सातवाहनांची राजधानी देशावर पैठणला आणि बंदरे कोकणात, सोपारा-कल्याणला. मधल्या भिंतीतून वाट हवी म्हणून जुन्नरजवळ नाणेघाट फोडला गेला. तेथल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आजही आहे, आणि घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. जकातीचे नाणे त्यात पडे, असे परंपरा सांगते. बोरघाटाच्या वाटेवर कार्ले, भाजे, कोंडाणे. जुन्नरभोवती तर दोनशेंहून अधिक लेणी. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांचीही नावे कोरलेली आहेत. त्या काळच्या माणसाला सह्याद्री म्हणजे काय, असे विचारले असते, तर त्याने ‘व्यापाराची वाट’ असेच उत्तर दिले असते.

आता सतराव्या शतकात येऊ. शिवाजी महाराजांनी ह्या डोंगराचे मर्म ओळखले. १६५९ साली अफझलखानाला त्यांनी मैदानात गाठले नाही, प्रतापगडाच्या रानात उतरविले. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अडवून तिला शस्त्र खाली ठेवायला लावले. पुढे औरंगजेब दक्षिणेत उतरला. १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडा, अशी दोन मोठी राज्ये त्याने लागोपाठ बुडविली. पण डोंगरातल्या मराठ्यांपुढे त्याची उरलेली वीस वर्षे सरली. १७०२ साली विशाळगड हाती आल्यावर त्याची छावणी पावसात अशी सापडली, की पन्हाळ्यापर्यंतची थोडीशी वाट चालायला महिन्याहून अधिक लागला. १७०७ साली अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगराजवळ, त्याचा अंत झाला.

हे वाचून कोणीही म्हणेल की, पाहा, डोंगर जिंकला! ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा मराठ्यांच्या उदयाला त्याने सह्याद्रीच्या रानात पेटणाऱ्या वणव्याची उपमा दिली. वाळले गवत, ठिणगी पडली, पेटले. न्यायमूर्ती रानडे यांना ही उपमा मान्य झाली नाही. १९०० सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, त्यामागे संतांनी केलेली लोकजागृती होती आणि पिढ्यांची तयारी होती.

माझा कौल रानड्यांच्या बाजूला आहे. वाचकहो, जावळीचे मोरे ह्याच रानात, ह्याच कड्यांच्या आडोशाला, पिढ्यान् पिढ्या राहिले आणि विजापूरची चाकरी करीत राहिले. ज्या शिवनेरीवर १६३० साली महाराज जन्मले, तो गड निजामशाहीचा होता. कडे तेच, पाऊस तोच. डोंगराने कोणालाच स्वराज्याची कल्पना शिकविली नाही. ती कल्पना माणसाच्या मनात आली, तेव्हा डोंगर तिच्या उपयोगी पडला. आणि राजाराम महाराजांनी झुंज चालू ठेवली ती सह्याद्रीपासून शेकडो मैल दूर, तमिळ मुलखातल्या जिंजीहून!

पुढची गोष्ट उलट बाजूने तेच सांगते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे की, गडासमोर दुसरी उंच जागा असू नये. असेल तर ती सुरुंग लावून पाडावी, नाही तर बांधून ताब्यात घ्यावी. १८१८ साली इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर तोफा डागल्या आणि मे महिन्यात गड खाली आला. सिंहगड आणि पुरंदर मार्चमध्येच गेले होते. कडा एक वीतभरही झिजला नव्हता; झिजले होते ते राज्य.

इंग्रजांनी त्याच डोंगराचा पुन्हा दरवाजा केला. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली. त्या कामी हजारो मजुरांनी प्राण गमावले; त्यांची नावे कोणत्याही खांबावर कोरलेली नाहीत. त्यानंतर डोंगराच्या उंचीलाच मोल आले. १९१५ साली लोणावळ्याचे पाणी खोपोलीस उतरवून वीज निर्माण झाली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आणि मावळातील शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले, धरण झालेच. कोयनेचे पाणी स्वभावतः कऱ्हाडला कृष्णेस मिळायचे आणि पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे जायचे. त्यातले पुष्कळसे आता बोगद्यांतून पश्चिमेला पडते, वीज करते आणि वाशिष्ठीला मिळून समुद्रास जाते. त्या विजेवर कारखाने चालले, शहरे उजळली, हे विसरून चालणार नाही. पण पाण्याची वाट फिरविली ती भूगोलाने नव्हे, माणसाने, हेही विसरता येत नाही.

म्हणून ‘भूमी राष्ट्राला घडविते’ हे वाक्य मला धोक्याचे वाटते. त्यात यशाचा अभिमान डोंगराच्या नावे मांडता येतो आणि चुकीचा दोषही त्याच्याच माथी मारता येतो. २०१४ साली माळीण आणि २०२३ साली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. अशा वेळी ‘निसर्गाचा कोप’ म्हणून आपण मोकळे होतो. उतारावरचे रान किती राहिले, वस्ती कोठे असावी, तिला सुरक्षित जागा वेळेवर का मिळत नाही, हे प्रश्न मागे पडतात.

२०२५ साली जिंजीसह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. आनंदाची गोष्ट आहे. सातवाहनांनी ह्या डोंगरात वाट पाहिली, महाराजांनी स्वराज्य पाहिले, इंग्रजांनी लोहमार्ग पाहिला. आपण त्यात काय पाहतो, दगडाची खाण की नद्यांचे माहेर, ह्याचे उत्तर पुढचा इतिहासकार आपल्या भाषणांत शोधणार नाही. तो घाटमाथ्यावर उभा राहील आणि खाली पाहील.