जाळीच्या अलीकडचे माणूस

साहित्याच्या वर्गात ‘मुलाखत’ हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे एखादा लेखक आणि त्याच्यासमोर प्रश्नांची टिपणे घेऊन बसलेला संपादक उभा राहतो. येरवडा किंवा नाशिकरोड कारागृहाच्या फाटकाशी सकाळपासून उभ्या असलेल्या बाईला हाच शब्द विचारला, तर ती हातातला अर्ज पुढे करील. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ भेट, एवढाच. पुढे वृत्तपत्रांनी त्याला एक अर्थ दिला आणि तुरुंगाने दुसरा. योगायोग असा की इंग्रजी तुरुंगसंहितांतही कैद्याच्या भेटीला ‘इंटरव्ह्यू’ असेच म्हटलेले आहे. फरक इतकाच, की येथे भेटणारे दोघे एकमेकांस प्रश्न विचारीत असतात आणि ऐकणारा मात्र तिसराच असतो.

मराठीत तुरुंगातून लिहिले गेलेले आणि तुरुंगाविषयी लिहिले गेलेले वाङ्मय थोडेथोडके नाही. त्यावर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली. परंतु हे वाङ्मय जवळपास सगळे आतल्या माणसाचे आहे. जाळीच्या अलीकडे उभे राहिलेले माणूस त्यात येते ते पाहुणे म्हणून, एखाद्या प्रकरणापुरते. ते माणूस शोधायचे असेल तर साहित्यापेक्षा भेटीचे नियम वाचणे अधिक उपयोगाचे, असे आमचे मत होत गेले आहे. हे नियम वरवर पाहता वेळेचे, वस्तूंचे आणि संख्येचे असतात. प्रत्यक्षात ते एकच गोष्ट ठरवीत असतात, ती म्हणजे कैद्याचे माणूस कोणाला म्हणावयाचे.

आपल्याकडील या नियमांचा पाया १८९४ चा तुरुंग कायदा. शंभराहून अधिक वर्षे देशभरच्या कारागृहांची व्यवस्था त्यावर उभी राहिली. त्याचे ४० वे कलम भेटीचे आहे आणि ते बारकाईने वाचण्याजोगे आहे. दिवाणी कैदी आणि ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असे कैदी, यांना ज्यांच्याशी बोलावयाचे असेल त्यांना योग्य वेळी, योग्य निर्बंधांसह आत घेण्याची तजवीज असावी, असे ते सांगते. कच्च्या कैद्याला आपल्या वकिलाशी शक्यतो तिसऱ्या कोणाच्या उपस्थितीवाचून बोलता यावे, हेही त्यातच आहे. शिक्षा झालेल्या कैद्याचा मात्र त्या कलमात उल्लेख नाही. त्याची भेट कायद्याने नियमांवर सोडली आणि नियमांनी बहुतांशी अधीक्षकाच्या मर्जीवर व कैद्याच्या वर्तणुकीवर. एकाच बराकीत काल कच्चा असलेला माणूस आज पक्का झाला, की त्याच्या आईच्या येण्याचा आधारच पालटतो.

४१ वे कलम येणाऱ्याविषयी आहे. तुरुंगाधिकाऱ्याने नाव व पत्ता विचारावा. संशयास कारण असल्यास झडती घ्यावी. मात्र ती कोणा कैद्याच्या किंवा दुसऱ्या भेटकऱ्याच्या देखत घेऊ नये. झडती नाकारणाऱ्यास प्रवेश नाकारता येईल, पण तसे केल्यास कारण नोंदवून ठेवावे. वसाहतीच्या सरकारने केलेल्या या कायद्यात भेटकऱ्याच्या लाजेची एवढी तरी कदर आहे, हे मान्य केले पाहिजे. कारागृहाच्या फाटकाशी ती किती पाळली जाते, हा वेगळा प्रश्न. लगेच पुढचे ४२ वे कलम सांगते की मनाई असलेली वस्तू आत नेली, बाहेर आणली किंवा नियमाविरुद्ध कैद्याशी संपर्क साधला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे भेटीस आलेला माणूस आणि कैदी यांच्यामध्ये फक्त एवढ्या एका कलमाचे अंतर.

आता या चौकटीतून एक परिचित पुस्तक पुन्हा पाहू. ‘माझी जन्मठेप’मध्ये अंदमानास रवाना होण्यापूर्वी डोंगरीच्या तुरुंगात सावरकरांना पत्नी यमुनाबाई भेटावयास येतात, तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. सावरकर १९०६ साली विलायतेस गेले होते. मधल्या काळात त्यांचा लहानगा मुलगा वारला होता. इतक्या वर्षांनी पतिपत्नी समोरासमोर आली ती गजांच्या दोन बाजूंस. हा प्रसंग वर्गात शिकविला जातो तो धीरोदात्त नायकाचे दर्शन म्हणून. ते चूक नाही. पण जिची विशी नुकतीच सरली आहे अशी ती बाई तेथवर आली कशी, तिला काय विचारले गेले, गजांशी किती वेळ उभे राहू दिले, परतताना ती काय घेऊन गेली, हे प्रश्न आम्ही तरी विद्यार्थी असताना कोणी विचारलेले ऐकले नाहीत. त्या भेटीचे जे वर्णन आपण वाचतो ते आतल्या बाजूने केलेले आहे.

याहून बोलके उदाहरण थोरल्या वहिनींचे. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली तेव्हा धाकट्या दिरांनी लंडनहून येसूवहिनींना उद्देशून ‘सांत्वन’ ही कविता लिहिली. कविता मराठी वाचकाला माहीत आहे. जिला उद्देशून ती लिहिली तिच्या पुढल्या दहा वर्षांचे काय झाले, हे फार थोड्यांना. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये वर्षाला एक पत्र, हा शिरस्ता. भेटीची परवानगी अर्जामागून अर्ज करूनही वर्षानुवर्षे लाभत नसे. अखेर १९१९ मध्ये ती लाभली आणि धाकटे बंधू नारायणराव यमुनाबाईंना घेऊन समुद्रापार गेले. येसूवहिनी त्यांच्याबरोबर नव्हत्या. परवानगी येण्याच्या सुमारासच त्यांचे निधन झाले होते. ज्याला भेटावयाचे तो जिवंत, भेटीचा अधिकार सिद्ध, नाते निर्विवाद. फक्त नियमाची घटिका उशिरा भरली.

टिळकांच्या बाबतीतही याच्याशी जुळणारी घटना आहे. मंडालेच्या तुरुंगवासावर मराठीत लिहिले जाते ते बहुधा ‘गीतारहस्या’च्या अनुषंगाने. पण १९१२ च्या जूनमध्ये पुण्यात सत्यभामाबाई निवर्तल्या आणि ती वार्ता मंडालेस पोहोचली ती तारेने, हेही त्याच सहा वर्षांत घडलेले आहे. अंतर हाच तेव्हा भेटीवरचा सर्वांत मोठा निर्बंध होता आणि तो कोणत्याही कलमात लिहावा लागत नव्हता.

‘माणूस कोणाचे’ हा प्रश्न सरकारपुढे सर्वांत अडचणीच्या रूपात मांडला तो गांधीजींनी. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले, तेव्हा स्थानबद्धांनी केवळ कुटुंबीयांशी आणि केवळ घरगुती बाबींवर पत्रव्यवहार करावा असा हुकूम होता. गांधीजींनी उत्तर दिले त्याचा आशय असा, की आपण पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वीच कुटुंबजीवन सोडून आश्रमजीवन पत्करले. तेव्हा आश्रमीयांना लिहिता येत नसेल, तर ही सवलत आपल्याला काही कामाची नाही. सरकारच्या लेखी कुटुंब रक्ताचे आणि लग्नाचे. कैद्याच्या लेखी ते निवडलेले. मौज अशी की याच कैद्यासाठी दहा वर्षांपूर्वी, १९३२ च्या सप्टेंबरात, येरवड्याचे सगळे भेटनियम बाजूला ठेवले गेले होते. उपोषणाच्या दिवसांत डॉ. आंबेडकर तेथे वाटाघाटींस गेले, तुरुंगाच्या अंगणात आंब्याखाली बैठका झाल्या, २४ तारखेला करारावर सह्या झाल्या आणि २६ ला उपोषण सुटताना रवींद्रनाथही तेथे होते. सरकारला गरज भासली की नातेवाईक असण्याची अट किती सैल होते, याचे हे उदाहरण आहे. कस्तुरबांच्या अखेरच्या आजारात मुलांना व आप्तांना येऊ दिले गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्या आगाखान पॅलेसमध्येच वारल्या.

स्वातंत्र्यानंतर वादाचा रोख नात्यावरून हक्काकडे वळला, आणि येथे एका मराठी हस्तलिखिताने मोठे काम केले आहे. आमच्या साहित्याच्या अभ्यासक्रमांत त्याचा उल्लेख कोठे आढळत नाही, याचे नवल वाटते. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत एक विज्ञानविषयक पुस्तक लिहिले आणि ते छापण्यासाठी आपल्या पत्नीकडे पाठविण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला, त्यावर राज्य सरकार अपिलात गेले, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धतेच्या अटींत ज्या गोष्टी दिल्या आहेत त्या सवलती होत. पुस्तक लिहून बाहेर पाठविणे त्यांत नाही, म्हणून ते करता येणार नाही. न्यायालयाने हा विचारच उलटा केला. त्या अटी म्हणजे सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहे. ज्यावर निर्बंध घातलेला नाही ते माणसाकडे उरतेच. भेटीविषयीचा पुढचा सगळा विचार या एका फरकावर उभा आहे. (२०२२ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे अशी तक्रार आली, की तळोजा कारागृहाने एका बंद्यासाठी आलेले वुडहाऊसचे विनोदी पुस्तक सुरक्षेच्या कारणास्तव आत जाऊ दिले नाही. खंडपीठाने हा प्रकार हास्यास्पद ठरविला. अणूवरचे पुस्तक बाहेर यावयास अडचण, वुडहाऊस आत जावयास अडचण.)

आणीबाणीत भेटीचे माणूसच दुसऱ्या तुरुंगात असण्याची पाळी आली. मधु दंडवते बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात, प्रमिलाताई येरवड्यात. दोघेही आत असलेल्यांसाठी भेटीच्या नियमात रकानाच नव्हता. उरली ती पत्रे, आणि तीही तपासनिसाच्या डोळ्यांखालून जाणारी.

पुढचा निर्णायक खटला महाराष्ट्रातला नाही, पण त्याचा परिणाम महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. फ्रान्सिस कोरॅली मुलिन या ब्रिटिश महिलेला १९७९ च्या नोव्हेंबरात तस्करीविरोधी कायद्याखाली तिहारमध्ये स्थानबद्ध केले. तिची सुमारे पाच वर्षांची मुलगी तिच्या बहिणीजवळ होती. आदेशानुसार दोघींना महिन्यातून एकच भेट मिळे. वकिलाशी भेटताना जकात खात्याचा अधिकारी हजर असे. त्याच तुरुंगात कच्च्या कैद्यांना आठवड्यातून दोन भेटी मिळत आणि शिक्षा झालेल्यांनाही आठवड्यातून एक. जिच्यावर खटलाही चालला नाही तिला सर्वांत कमी. जानेवारी १९८१ मध्ये न्या. भगवती यांच्या निकालाने ही अट रद्द झाली. कुटुंबीयांस व मित्रांस भेटणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि अधिकाऱ्याची उपस्थिती आवश्यक वाटलीच तर त्याने दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा अंतरावर थांबावे, असे न्यायालयाने म्हटले. यात ‘मित्र’ हा शब्द आला, त्याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो.

कारण २०१६ च्या आदर्श तुरुंग नियमावलीत कुटुंबीय, नातेवाईक, मित्र आणि विधि सल्लागार अशी चौघांची गणना आहे आणि भेट पंधरवड्यातून एकदा असावी असे म्हटले आहे. मात्र त्याच नियमावलीची दुसरी अट अशी, की दाखल होताना बंद्याने आपल्याला भेटावयास येण्याची शक्यता असलेल्यांची यादी द्यावी आणि भेटी त्या यादीपुरत्याच राहाव्यात. अटकेच्या हादऱ्यात, पहिल्याच दिवसांत, माणसाने आपली माणसे कागदावर मोजून द्यावयाची. कोणाचे नाव लाजेने गळते, कोणाचे पत्ता न आठवल्याने. गावाकडची म्हातारी आई येऊच शकणार नाही, असे धरून तिचे नाव न लिहिणाराही असतो. आणि आई मात्र दोन गाड्या बदलून येते.

बाहेरच्या माणसाची तयारीही याच यादीपासून सुरू होते. यादीत नाव असावे. ओळखपत्रावरचे नाव आणि यादीतले नाव अक्षरश: जुळावे. माहेरचे आडनाव आणि सासरचे आडनाव यांच्या घोळात येथे कितीतरी बायका अडतात. नोंदणी, झडती, हाक येईपर्यंतची प्रतीक्षा. मग जाळी किंवा काच. जाळी असेल तर शेजारच्या पाच कुटुंबांच्या आवाजावर आवाज चढवून बोलणे, काच असेल तर रिसीव्हर. घरचा डबा न्यावा हे मनात येते, पण बंद्याला कँटीनमध्ये काही घेता यावे म्हणून खात्यात पैसे भरणे एवढेच बहुधा हाती उरते. वकिलाने काय सांगितले, जामिनाचे काय झाले, शेताचे काय, पोरीच्या शाळेचे काय, हे सगळे त्या मोजक्या मिनिटांत बसवावयाचे, म्हणून कित्येकजणी बोलावयाचे मुद्दे चिठ्ठीवर लिहून आणतात. २०२२ च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे होते, म्हणजे या रांगेत उभ्या असलेल्या बहुसंख्यांचे माणूस अजून गुन्हेगार ठरलेले नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे प्रत्यक्ष भेटी थांबल्या आणि पडद्यावरची भेट आली. ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांची त्यामुळे सोय झाली. तरी महाराष्ट्रातील कारागृहांनी बंद्यांची मुले आत आणून जाळीवाचून भेटू देण्याचा ‘गळाभेट’ हा उपक्रम घेतला, त्याची जागा पडदा घेऊ शकत नाही. त्या नावातच ते आले.

जुलै २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून कळविले, की समलिंगी व पारलिंगी बंद्यांना भेटीच्या बाबतीत भेदभाव होऊ नये, आणि आधार म्हणून २०१६ च्या त्याच नियमावलीकडे बोट दाखविले. अर्जातील ‘बंद्याशी नाते’ हा रकाना मात्र आहे तसाच आहे. त्यात काय लिहावे, याची मसलत फाटकाबाहेरच्या रांगेत, पेन एकमेकींना देत, रोज सकाळी चाललेली असते.