दंडघेराच्या पट्टीची कुळकथा

शिरपूर किंवा चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या पाड्यावर अंगणवाडीताई मुलाचा डावा हात मोकळा करते. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करते आणि तिथे तीन रंगांची पट्टी गुंडाळते. माप 12.5 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरलं तर हिरवा, त्याखाली पिवळा, 11.5 च्याही खाली लाल. लाल म्हणजे मूल तीव्र कुपोषित. ताईच्या बोलीत ‘सॅम’.

माणसाच्या अंगाला मोजपट्टी लावण्याची ही रीत आपल्याकडे आली ती मात्र उपासमार शोधायला नव्हे.

1901 च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकं मोजत असे. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, हा त्याचा नासिकांक. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा नियमच त्याने मांडला. जंगलातल्या जमाती अर्थातच तळाशी. त्याच्या हाताखाली मापं घेणाऱ्यांत बा. आ. गुप्ते हे मराठी गृहस्थही होते.

हा नियम खोडला तोही आपल्याच माणसांनी. मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या पुस्तकात रिस्लेचेच आकडे पुन्हा तपासले. उत्तरेतल्या मैदानाबाहेर नाक आणि जातीची उतरंड यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे तोवर बर्लिनहून परतल्या होत्या. तिथे मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर या गुरूकडे त्यांनी 149 कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून नेलेल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो, हे फिशरचं गृहीतक. बाईंच्या मापांत तसं काही निघालं नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. गुरूचं मत आणि हातातला आकडा यांत त्यांनी आकडा निवडला. मला त्यांच्या साऱ्या कामात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव फिरून त्यांनी मापं घेतली, वि. म. दांडेकरांबरोबरचा महाराष्ट्राच्या मापांचा ग्रंथ 1951 चा. त्यांना दिसलं ते असं, की एकाच नावाखाली मोडणाऱ्या जाती अंगाने एकसारख्या नसतात. मग त्या पश्चिम खानदेशात आल्या. तेव्हाच्या या जिल्ह्यात आजचे धुळे आणि नंदुरबार दोन्ही होते. तिथल्या भिल्लांवरचं त्यांचं पुस्तक 1961 चं, आणि ती आहे सामाजिक-आर्थिक पाहणी. कवट्या मोजायला शिकलेली बाई भिल्लांकडे आली ती त्यांच्या जगण्याची चौकशी करायला.

पट्टी दंडावर आली ती त्यानंतर. डेरिक जेलिफ यांचं कुपोषणाच्या मोजमापावरचं पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेने 1966 मध्ये काढलं. दंडघेराला त्यामुळे मान मिळाला. पुढे 1974 मध्ये शकीर आणि मॉर्ले यांनी रंगांची पट्टी मांडली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ती वापरता यावी, हा हेतू. वजनकाटा नको, जन्मतारीख नको. सहा महिने ते पाच वर्षं या वयात निरोगी मुलाचा दंडघेर फारसा वाढत नाही, म्हणून एकच रेषा सगळ्यांना चालते.

पण भिल्ल-पावरा मुलं मुळातच बारीक असतात, असं अजून कुणी म्हणतं. त्याला उत्तर 2006 मध्ये मिळालं. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली, नीट खायला मिळालेली मुलं जागतिक आरोग्य संघटनेने वर्षानुवर्षं मोजली. पहिल्या पाच वर्षांत ती जवळजवळ सारखीच वाढली. वंशाप्रमाणे वेगळा तक्ता करावा लागला नाही.

म्हणून पाड्यावरच्या मुलासाठी पट्टीवर वेगळी खूण नाही. नॉर्वेतल्या मुलाला जी रेषा, तीच त्यालाही: साडेअकरा सेंटिमीटर.