ओळंब्यापासून भूकंपलहरींपर्यंत : पर्वतप्रदेशातील भूकवचाच्या जाडीच्या अनुमानाचा इतिहास

प्रस्तावना

पर्वताची उंची मोजता येते. परंतु त्याच्या तळाशी भूकवच किती खोल गेले आहे, हे प्रत्यक्ष पाहता येत नाही. भूविज्ञानातील या मूलभूत प्रश्नाचा उगम भारतातील सर्वेक्षणाच्या एका लहानशा विसंगतीत आहे. ती विसंगती 'चूक' मानून मिटवली गेली असती, तर एका महत्त्वाच्या सिद्धान्ताला कदाचित विलंब झाला असता. प्रस्तुत लेखात या अनुमानाच्या विकासाचा थोडक्यात मागोवा घेतला आहे.

पाच विकलांचा प्रश्न

पर्वताच्या आकर्षणाने ओळंबा किंचित कलतो, ही कल्पना नवी नव्हती. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यांनी १७३८ मध्ये आजच्या इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वतापाशी हा कल मोजला होता आणि तो अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला होता. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नेतृत्वाखालील त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे पुढे आला. मुझफ्फरनगरजवळील कलियाना आणि मध्य भारतातील सिरोंजजवळील कल्याणपूर या स्थानकांमधील अक्षांशांचा फरक त्रिकोणांच्या साखळीने ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला आला, तर ताऱ्यांच्या वेधांवरून तो ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला आला. ५.२३६ विकलांची ही तफावत जमिनीवर सुमारे १६० मीटर भरते. सुमारे ६०० किलोमीटरच्या कंसात ती नगण्य वाटेल. परंतु त्या सर्वेक्षणाच्या काटेकोरपणाचा विचार करता ती दुर्लक्षणीय नव्हती. मोजणीतील त्रुटी समजून ती गणिताने कंसावर वाटून टाकणे, हा सोपा मार्ग होता.

प्रॅट आणि एअरी

कलकत्त्याचे आर्चडीकन व गणितज्ञ जॉन हेन्री प्रॅट यांना हा मार्ग मान्य नव्हता. हिमालय व त्यामागील पठार यांच्या वस्तुमानाचा अंदाज घेऊन त्यांनी ओळंब्याचा कल गणिताने काढला. १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार कलियाना येथे तो २७.८५३ विकला व कल्याणपूर येथे ११.९६८ विकला असावयास हवा होता; म्हणजे दोहोंतील फरक १५.८८५ विकला. प्रत्यक्षातील तफावत त्याच्या केवळ एक-तृतीयांश होती. प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तफावत का आली, यापेक्षा ती इतकी कमी का, हा खरा प्रश्न ठरला.

त्याच वर्षी ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचविले. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो अधिक वर दिसतो, तोच अधिक खोल बुडालेला असतो. त्याप्रमाणे उंच पर्वताखाली हलक्या कवचाचे मूळ खालच्या घन द्रव्यात उतरलेले असते आणि त्या मुळाच्या हलकेपणामुळे पर्वताच्या आकर्षणाची बरीचशी भरपाई होते. प्रॅट यांनी १८५९ मध्ये वेगळा पर्याय मांडला : भरपाईची खोली सर्वत्र समान असते, उंच स्तंभांची घनता मात्र कमी असते. या समतोलाला अमेरिकन भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी १८८९ मध्ये 'आयसोस्टसी', म्हणजे समस्थायित्व, हे नाव दिले.

अनुमानाची मर्यादा

एअरींच्या प्रतिमानानुसार मुळाची खोली म्हणजे पर्वताची उंची गुणिले कवचाची घनता, भागिले प्रावरण व कवच यांच्या घनतांमधील फरक. कवचाची घनता २.६७ व प्रावरणाची ३.२७ मानल्यास ५ किलोमीटर उंचीच्या पठाराखाली सुमारे २२ किलोमीटरचे मूळ येते. सामान्य कवच ३५ किलोमीटर धरल्यास एकूण जाडी ६२ किलोमीटर होते. परंतु कवचाची घनता २.८२ मानली, तर हीच जाडी ७१ किलोमीटरवर जाते. गृहीतकातील अल्प बदलाने उत्तर नऊ किलोमीटरने बदलते. म्हणून केवळ गुरुत्वाकर्षणावर विसंबणे पुरेसे नाही.

स्वतंत्र पुरावा भूकंपशास्त्राने दिला. क्रोएशियातील ८ ऑक्टोबर १९०९ च्या भूकंपाच्या नोंदी अभ्यासून आंद्रिया मोहोरोविचिक यांनी १९१० मध्ये दाखविले की, सुमारे ५४ किलोमीटर खोलीवर लहरींचा वेग एकाएकी वाढतो. 'मोहो' या नावाने ओळखली जाणारी हीच सीमा भूकवचाचा तळ मानली जाते. १९९० च्या दशकातील 'इनडेप्थ' प्रकल्पात दक्षिण तिबेटखाली ही सीमा सुमारे ७५ किलोमीटर खोलीवर आढळली. एअरींची मूळ कल्पना अशा रीतीने पुष्ट झाली. मात्र येथील कवच निव्वळ तरंगत नाही. भारतीय भूपट्ट हिमालयाखाली शिरला असून त्याचे कठीण कवच वाकून पर्वताचा काही भार पेलते.

सह्याद्रीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर, १९७० च्या दशकात त्या परिसरात खोल भूकंपीय मापन करण्यात आले. तेथे मोहो सुमारे ३६ ते ४० किलोमीटर खोलीवर आढळली. सह्याद्री ही भूपट्टांच्या टकरीतून उभी राहिलेली पर्वतरांग नसून लाव्हाच्या पठाराची झिजलेली कड आहे. तिच्याखाली हिमालयासारखे खोल मूळ नाही.

समारोप

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, पर्वताच्या बाह्य रूपावरून त्याच्या मुळाचा निर्णय करता येत नाही. त्याची उत्पत्तीही पाहावी लागते. दुसरी, निरीक्षण आणि गणित जुळत नसेल, तर ती तफावत वाटून टाकण्यापूर्वी तिचे कारण शोधणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या 'चुकलेल्या' आकड्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी अध्यापकांनीही या पाच विकलांचे स्मरण ठेवावे.